गाडा कुणाच्या दारातून?

केळझरच्या टेकडीवर, देवळाच्या मागच्या अंगाला जरा उभे राहा. खाली नागपूर-वर्धा रस्ता, त्यावरून बुटीबोरीकडे निघालेले ट्रक, दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. आज चतुर्थी नाही, म्हणून विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक असलेल्या या गणपतीपुढे गर्दीही नाही. डोळे उघडेच ठेवा. आधी ट्रकचा आवाज बंद होतो. मग डांबर जातं, विजेचे खांब जातात. शेतांच्या जागी दाट रान उभं राहतं आणि पायथ्याशी मातीच्या भिंतींचं, गवती छपरांचं एक गाव उरतं.

ही एकचक्रानगरी. महाभारतातली ती नगरी म्हणजे आपलंच गाव, असं केळझर पिढ्यानपिढ्या सांगत आलंय. हा मान सांगणारी दुसरीही गावं देशात आहेत. पण सध्या तुम्ही केळझरच्या कथेत आलात, तेव्हा तिचाच शब्द प्रमाण माना आणि समोरच्या ओसरीवर चढा. आत रडारड चाललीय. बकासुराला गाडाभर भात लागतो, दोन रेडे लागतात आणि गाडा हाकत येणारा माणूसही लागतो. उद्या या घराची पाळी आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मलाच पाठवा. तेवढ्यात नीट बोलताही न येणारं धाकटं पोर गवताची काडी उचलतं आणि याच काडीनं राक्षसाला मारतो म्हणतं. रडता रडता सगळे क्षणभर हसतात. पलीकडच्या खोलीत कुंती हे ऐकते आहे.

भीम निघेपर्यंत थांबू नका, पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पाळीची रीत तेवढी ध्यानात ठेवा. गाव जगावं म्हणून रोज एक जण गाड्यावर बसतो, आणि कोण बसणार हे घरच्यांनाच ठरवावं लागतं. औषधांच्या इतिहासात ही रीत तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

टेकडी उतरा. खाली पोचता तेव्हा साल 1965 असतं आणि तुम्ही नागपुरात असता. शहरात तापाची साथ आहे. कुणाला डेंगी, कुणाला चिकुनगुनिया; घरोघरी माणसं अंग मोडून पडलीत. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं रुग्णांच्या रक्ताचे नमुने घेतात. हे केंद्र 1952 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारलं. पुढे त्यालाच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळालं. बर्फात घातलेल्या कुप्यांबरोबर तुम्हीही पुण्याला या.

दोन रुग्णांच्या रक्तात ओळखीचा नसलेला विषाणू सापडतो. भट्ट आणि रॉड्रिग्ज हे शास्त्रज्ञ 1967 साली त्याची माहिती छापतात आणि जिथे तो सापडला त्या वस्तीवरून त्याला चांदीपुरा म्हणतात. त्या काळी विषाणूचा स्वभाव पारखायचा तर उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं घेत, बारीक सुईनं त्यांच्या मेंदूत द्रव टोचत आणि वाट पाहत. पिंजऱ्याजवळ जा. करंगळीच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं. ती थरथरायला लागली, दूध प्यायची थांबली की वहीत नोंद होते. ज्या माणसांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पोलिओपासून जपानी मेंदूज्वरापर्यंत कितीतरी लसींच्या मागे असे पिंजरे आहेत. पण इथे गाड्यावर कोण बसलंय, ते बघून ठेवा.

या नव्या विषाणूकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ताप येतो, उतरतो, एवढीच त्याची ओळख झाली. पुढे 2003 च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं मेंदूच्या आजारानं अचानक कोसळली आणि त्यांतली 183 गेली. कारण शोधता शोधता पुण्याच्या शास्त्रज्ञांना पुन्हा तेच नागपुरी नाव सापडलं. त्याच मोसमात विदर्भातली पोरंही या आजारानं पडत होती.

आता परत केळझरला या. जून 2007 संपत आलाय, पहिला पाऊस होऊन गेलाय. ज्या घरात तुम्हाला नेतो आहे ते मी मनानं बांधलेलं आहे; त्यातली माणसं खरी कुणी नव्हेत. पण त्या वर्षी नागपूर विभागात मेंदूज्वराच्या 78 मुलांची नोंद झाली, आणि अशी घरं जिल्ह्या-जिल्ह्यांत होती. मातीची भिंत, शेणानं सारवलेली, खालून हातभर उंचीवर भेगाळलेली. भिंतीला लागूनच गोठा. कोपऱ्यात युरियाची रिकामी पोती, खुंटीवर दप्तर. शाळा आजच सुरू झालीय.

भिंतीजवळ तोंड न्या. भेगेत वाळूच्या रंगाची एक माशी बसलीय, डासाच्या निम्म्याहूनही लहान. अंगावर केस, आणि बसलेली असतानाही दोन्ही पंख वर, एकमेकांपासून फाकलेले. ही वाळूमाशी. ती गुणगुणत नाही, त्यामुळे कानाशी आली तरी कळत नाही. फार उंच उडत नाही, टुणटुणत पुढे जाते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत शिरते. अंधार पडला की भेगेतून निघते, खाली सतरंजीवर झोपलेल्या पोराच्या उघड्या घोट्यावर बसते आणि रक्त पिऊन परत भेगेत जाते. पोर झोपेत पाय ओढून घेतं, एवढंच.

काही दिवसांनी. संध्याकाळी सात वर्षांचा तो मुलगा गोठ्याजवळ गोट्या खेळत होता, वरण-भात खाऊन झोपला. मध्यरात्री अंग फणफणलं. पहाटे उलट्या. उजाडता उजाडता डोळे वर गेले आणि हातपाय झटके देऊ लागले. आजी म्हणते, ‘‘काल तं चांगला खेळून रायला होता व माय, एकाएकी काय झालं याले!’’ शेजारचा पोरगा जीप काढतो. सेलू मागे पडतं, पवनारची धाम नदी मागे पडते, आणि जीप सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आवारात शिरते. तुम्ही मागच्या बाकावर आहात, मुलाचे पाय तुमच्या मांडीवर आहेत. ते गरम आहेत आणि मधूनच ताठ होतात.

डॉक्टर जे करायचं ते सगळं करतात. झटके थांबवणारं इंजेक्शन, ऑक्सिजन, सलाईन, मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल, ताप उतरवण्यासाठी ओल्या पट्ट्या. या आजारात पहिल्या तापापासून मरणापर्यंतचं अंतर बहुधा 24 ते 48 तासांचं. त्यातले बरेच तास घरात, अंगारा लावण्यात, जीप मिळवण्यात गेलेले असतात. बाप दाराशी उभा राहून विचारतो, ‘‘सायेब, याच्यावर औषध कोन्तं हाये?’’

तुम्ही तर पुढच्या काळातून आला आहात. खिसे तपासा. 2007 नंतर माणसानं एका वर्षाच्या आत कोरोनाची लस केली, पाठीच्या कण्यात औषध टोचून मज्जारज्जूच्या जन्मजात आजारातल्या बाळांना बसतं केलं. चांदीपुरासाठी मात्र तुमच्या खिशात काही नाही. लस नाही, विषाणूवर चालेल असं मान्यताप्राप्त औषध नाही. 2024 च्या जून ते ऑगस्टमध्ये मुख्यतः गुजरातेत हीच साथ उसळली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं मेंदूज्वराचे 245 रुग्ण आणि 82 मृत्यू नोंदवले. त्यांतल्या 64 जणांत चांदीपुरा पक्का ठरला. तिथल्या डॉक्टरांच्या हातातही 2007 च्याच वस्तू होत्या. सेवाग्रामच्या त्या दाराशी तुम्ही भविष्यातून येऊन रिकाम्या हातानं उभे आहात. 2007 च्या त्या साथीत नागपूर विभागातली शेकडा 43 हून अधिक आजारी मुलं गेली.

औषध का नाही, याचं उत्तर कुणा एकाच्या आळसात नाही. जरा विचार करा, शोधणार कसं? मेंदू कवटीत बंद. जिवंत मुलाच्या मेंदूचा तुकडा काढून त्यावर काय होतंय ते पाहता येत नाही. हातात दीड दिवस. गोळ्या हजारो, मूल एक. तापलेल्या, झटके देणाऱ्या पोराला आज ही देऊ, उद्या ती देऊ, असं म्हणणारा डॉक्टर तुम्हालाही नको असेल. म्हणून ओझं पुन्हा उंदरावर जातं. आणि उंदराचं उत्तर माणसाला लागू पडेलच असं नाही. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटानं जपानी मेंदूज्वर झालेल्या उंदरांना मिनोसायक्लीन हे जुनं, स्वस्त प्रतिजैविक दिलं, उंदीर वाचले. मोठी आशा निर्माण झाली. लखनौला मेंदूज्वराच्या रुग्णांवर तेच औषध रीतसर तपासलं, तेव्हा एकूण निकाल निर्णायक आला नाही. बसू यांच्याच गटानं 2013 च्या सुमारास उंदरांत दाखवलं की चांदीपुरा मेंदूतल्या चेतापेशींना स्वतःलाच संपवायला लावतो. माणसाच्या मुलात हेच होतं का? की पेशी तगून राहतात आणि सूजच जीव घेते? काही मेंदूतज्ज्ञांनी तर आंध्रातल्या साथीत या विषाणूचा हात किती, असाही प्रश्न विचारला होता. कोणतं औषध शोधायचं, विषाणू मारणारं की पेशी वाचवणारं की सूज रोखणारं, हे या उत्तरावर ठरतं. आणि ते उत्तर उंदराच्या मेंदूत पुरतं सापडत नाही.

चला, दूर जाऊ. 2006, क्योटो. शिन्या यामानाका चार जनुकं वापरून उंदराच्या कातडीची पेशी मागे नेतात, इतकी मागे की तिच्यातून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकावी. दुसऱ्या वर्षी माणसाच्या पेशीतही ते साधतं. 2012 साली नोबेल. इथे थांबू नका, 2013 च्या व्हिएन्नाला या. युर्गन क्नोब्लिख यांच्या प्रयोगशाळेत मॅडलिन लँकेस्टर काचेच्या भांड्यात तरंगणारे पांढरट कण प्रकाशासमोर धरून पाहताहेत. अशा मूळ पेशींचा गोळा योग्य खाद्यात ठेवला, त्याला सगळ्या बाजूंनी आधार दिला आणि हलता ठेवला, की तो आपला आपण मेंदूसारखी घडण घेऊ लागतो. लहान मेंदू घेऊन जन्मलेल्या एका रुग्णाच्या पेशींपासून त्यांनी असे कण वाढवले आणि ते खरंच लहान राहिले. जन्माआधी, आईच्या पोटात काय बिघडलं होतं, ते प्रथमच माणसाच्या पेशींत घडताना दिसलं.

आता तुमचेच हात वापरा. हातमोजे, कोट, हवा गाळून सोडणारं कपाट. कुणाच्या तरी रक्तातून मागे नेलेल्या पेशी तुमच्यासमोर थाळीत आहेत. त्या सुट्या करा, आणि 96 खोलगट खड्ड्यांच्या थाळीत एकेका खड्ड्यात काही हजार पेशी सोडा. खड्ड्याचा तळ असा की पेशींना तिथे चिकटता येत नाही, म्हणून त्या एकमेकींना धरतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खड्ड्यात एक गोल ठिपका. पाच-सहा दिवसांनी खाद्य बदला. आता यातून फक्त मेंदूची ऊती निघेल. मग खरं कसबाचं काम. एकेक ठिपका रुंद तोंडाच्या नळीनं उचलायचा, जोर लागला तर तो फुटतो. थंड, घट्टसर मॅट्रिजेलच्या थेंबात तो मधोमध ठेवायचा. थेंब गरम झाला की थिजतो आणि ठिपक्याला चहूकडून आधार मिळतो. हे मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासून काढलेलं असतं. म्हणजे इथेही उंदीर गाड्यावरून पूर्ण उतरलेला नाही. पुढे 37 अंशांच्या कपाटात, हलत्या फळीवर, गुलाबी द्रवात हे थेंब हिंदकळत राहतात. दर तीन-चार दिवसांनी द्रव बदला. विसरलात तर महिनाभराची मेहनत पाण्यात.

दोन महिन्यांनी एक थेंब उचलून पाहा. मसुरीच्या दाण्याएवढा, दुधी. पातळ काप काढून रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ्या दिसतात, पोकळ्यांच्या कडेनं उभ्या रचलेल्या विभागणाऱ्या पेशी दिसतात, बाहेरच्या थरात कोवळ्या चेतापेशी. आईच्या पोटातल्या काही महिन्यांच्या गर्भाच्या मेंदूशी ही रचना जुळते. याला मेंदू म्हणणं मला पटत नाही. याला डोळे नाहीत, त्वचा नाही, रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे फार वाढला तर गाभ्यातल्या पेशी उपाशी मरतात. पण काही महिन्यांच्या कणांत विजेचे ठोके लयीत उमटताना नोंदवले गेलेत, म्हणून त्याला वेदना होते का हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला उडवून लावू नये. आज तसं मानायला आधार नाही. उद्या कण मोठे आणि गुंतागुंतीचे झाले तर तो प्रश्न दर वर्षी नव्यानं विचारावा लागेल. मूळ पेशींवरच्या संशोधनासाठी आपल्याकडे 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांना या प्रश्नासाठी जागा करावी लागेल.

अशा ठिपक्यानं कुणाचं भलं झालंय का, ते बघायला 2016 च्या ब्राझीलला चला. 1 फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केलीय. रेसिफेच्या दवाखान्यांत आया लहान डोक्याची बाळं घेऊन बसल्यात आणि झिकाच याला कारण आहे का, हेही अजून पक्कं झालेलं नाही. रिओत पॅट्रिशिया गार्सेझ आणि त्यांचे सहकारी मेंदूच्या ठिपक्यांत झिका सोडतात. ठिपके वाढायचे थांबतात. महिनोन् महिने चाललेला वाद काही आठवड्यांत निकाली निघायला लागतो. तिकडे अमेरिकेत गुओ-ली मिंग आणि होंगजुन साँग यांच्या प्रयोगशाळेत ठिपके फिरवणारं छोटं यंत्र तयार झालेलं असतं. थाळीच्या झाकणात बसणारी दातेरी चाकं त्रिमिती छपाईनं काढलेली, आणि ती बनवण्यात शाळेत शिकणाऱ्या मुलांचाही हात होता. महागड्या यंत्रावाचून एकाच वेळी डझनांनी ठिपके वाढवता आले. मग औषधांची चाळणी लागली. सुमारे 6 हजार संयुगं, एकेक करून, झिका लागलेल्या मानवी पेशींवर. त्यातून पुढे आलेल्या नावांपैकी दोन: पेशींचं मरण रोखणारं एम्रिकासान, जे मेंदूच्या ठिपक्यांवरही तपासलं गेलं, आणि विषाणूची वाढ अडवणारं निक्लोसामाइड. हे दुसरं म्हणजे पोटातल्या पट्टकृमींवर कित्येक वर्षं दिलं जाणारं औषध.

फेब्रुवारीत आणीबाणी, ऑगस्टमध्ये नावं छापून हातात. या वेगाचा मला अजूनही अचंबा वाटतो. पण झिकावर आजतागायत मान्यताप्राप्त औषध आलेलं नाही. साथ ओसरली, पैसा ओसरला, नावं कागदावर राहिली.

जपानच्या केइओ विद्यापीठातली गोष्ट जरा पुढे गेली. हिदेयुकी ओकानो यांच्या गटानं स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएस या आजाराच्या रुग्णांच्या पेशींपासून चेतापेशी केल्या. सपाट थाळीत, ठिपके नव्हे. त्यांवर 1,232 जुनी औषधं लावून पाहिली. पार्किन्सनसाठी दिलं जाणारं रोपिनिरोल त्यातून निघालं, आणि 20 रुग्णांच्या छोट्या चाचणीत त्यानं आजाराची वाढ काही महिने लांबवल्याची चिन्हं दिसली. मोठी चाचणी झाल्याशिवाय याला यश म्हणू नये. तरी उंदराचा टप्पा ओलांडून थेट रुग्णाच्याच पेशींपासून रुग्णापर्यंत जाणारी वाट निघते, एवढं यातून दिसलं.

दिल्लीत मार्च 2023 मध्ये तुम्ही घटकाभरच थांबा. नवी औषधं आणि त्यांच्या चाचण्यांसाठीच्या 2019 च्या नियमांत केंद्र सरकार दुरुस्ती करतं. औषध माणसाला देण्याआधीचा पुरावा म्हणून आता पेशींवरच्या चाचण्या, अवयवांचे असे ठिपके, चिपवरचे अवयव हेही चालतील. अमेरिकेनं असाच कायदा तीनच महिने आधी, डिसेंबर 2022 मध्ये केला होता. पिंजरा हा यापुढे एकमेव रस्ता उरला नाही.

आणि आता तुम्ही जिथे पोचता त्या सालाचा आकडा मला लिहिता येत नाही, ते साल अजून यायचंय. पुण्यातली बंदिस्त प्रयोगशाळा समजा. कपाटात शेकडो ठिपके हिंदकळताहेत. विषाणू आपल्याकडे 1965 पासून आहे, नियम आहेत, कसब शिकलेली माणसं बंगळूर, हैदराबाद, पुणे, मानेसर इथे आहेत. नाही ते एवढंच, की हे सगळं चांदीपुरासाठी एका टेबलावर आणायचं असं कुणीतरी ठरवणं. अल्झायमर आणि पार्किन्सनचे ठिपके जगभर वाढतात, कारण त्यांच्या औषधाला गिऱ्हाईक आहे. मातीच्या घरातल्या सात वर्षांच्या पोराच्या आजाराला बाजार नाही. म्हणून हे काम बाजारावर सोडून होणार नाही. सरकारी पैशानंच व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

या ठिपक्यांसाठी रक्त कुणाचं? परदेशातल्या पेशी विकत मिळतात. पण चांदीपुरातून वाचलेल्या आणि दगावलेल्या मुलांत फरक कशानं पडला हे कळायचं, तर रक्त इथलंच लागेल. म्हणून त्या न आलेल्या सालात आरोग्यसेविका केळझरच्या एका अंगणात बसलीय. घरातली मुलगी साथीतून वाचलेली आहे. बाप विचारतो, ‘‘रगत नेऊन काय करान ताई?’’ ती सांगते की याच्यापासून मेंदूचे बारके कण वाढवतात, त्यांना रोग लावतात आणि औषध त्यांच्यावर तपासतात. बाप थोडा वेळ गप्प राहून म्हणतो, ‘‘म्हंजे पोरीले काही करनार नाही, रगतालेच करनार. आन् औषध निघालं तं आमाले भेटन का, का शयरातच राहीन?’’ संमतीच्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर छापलेलं असायला हवं. रक्त परत मागता येईल का, त्या पेशी कुठल्या कंपनीला विकल्या जातील का, हेही. नाही तर हा गाडा पुन्हा केळझरातून भरून जाईल आणि तिकडेच रिकामा होईल.

आता प्रयोगशाळेत परत या आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. ठिपक्यात विषाणू आधी सोडायचा की औषध? औषध आधी किंवा बरोबरच दिलं, तर निकाल छान दिसतो. पण केळझरच्या घरात विषाणू शिरला तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. ताप मध्यरात्री आला, जीप उजाडल्यावर मिळाली, आणि पहिलं इंजेक्शन मिळालं तेव्हा ताप येऊन कित्येक तास झाले होते. थाळीतल्या प्रयोगाला त्या रस्त्याचंच घड्याळ लावायला हवं. विषाणू सोडा. थांबा. पेशी मरायला लागू द्या. मगच औषध द्या आणि किती पेशी वाचतात ते मोजा. जे औषध फक्त आधी दिल्यानं चालतं, त्याच्या नावावर काट मारा, ते कितीही नामी असलं तरी.

मग ठिपक्याच्या उणिवांचा हिशेब करा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणजे रक्तातून मेंदूत न शिरणारं औषधही इथे पास होईल. त्याची वेगळी परीक्षा घ्यावी लागेल. मेंदूतल्या पहारेकरी पेशी, ज्यांच्यामुळे सूज चढते, त्या यात आपोआप तयार होत नाहीत, त्या वेगळ्या वाढवून घालाव्या लागतील. शिवाय हा ठिपका गर्भाच्या वयाचा, आणि चांदीपुरा रांगत्या बाळापासून शाळेतल्या पोरापर्यंतच्या वयाला गाठतो. ठिपका म्हणजे भीम नव्हे, राक्षसाला मारणं त्याच्या हातात नाही. मुलाच्या जागी तो गाड्यावर बसतो, आणि पहिल्या पाच-सहा हजार फेऱ्या त्याच्यावर होतात. शेवटची फेरी माणसाचीच असेल. कुठल्या तरी आईला कुठल्या तरी वॉर्डात सांगावं लागेल की हे औषध तुमच्या मुलाला पहिल्यांदा देतोय. फरक एवढाच, की त्या वेळी डॉक्टरच्या हातात अंदाज नसेल, माणसाच्याच मेंदूच्या ऊतीवर घासून घेतलेली दोन-तीन नावांची यादी असेल.

त्या यादीवर शेवटची काट मारायला पेन तुमच्याकडे दिलंय. फार महाग औषध? काट. सतत थंडीत ठेवावं लागणारं, मोठ्या शहराबाहेर न मिळणारं? काट. उरलेलं औषध जुनं असेल, स्वस्त असेल, लहान मुलांसाठी त्याचा डोस आधीच ठरलेला असेल, तर उत्तम. ते नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात पोचून पुरणार नाही. केळझरहून निघालेली जीप जिथे पहिल्यांदा थांबू शकते, त्या तालुक्याच्या दवाखान्यात, मॅनिटॉलच्या शेजारच्या कप्प्यात ते हवं, आणि जून उजाडायच्या आत हवं.